सोबत

तुमच्या घरातलं माणूस एसटीच्या पायरीवर थिजलं, तर तुम्ही त्याला आत चढवाल, की शेजारी थांबून विचाराल, काय होतंय?

आम्ही अणदूरच्या. अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष धाराशिवला होतं. बस दिसली की तिला धडकी भरायची, हातपाय गार पडायचे. यावर घरचा उपाय एकच, सोबत. आमच्याकडं धडधाकट बाईलाही एकटीनं पाठवत नाहीत, मग भ्यालेल्या पोरीला कोण पाठवणार? कधी आई जायची, कधी चुलती, कधी मी.

उमरग्याला सोलापूरहून येणाऱ्या समुपदेशकानं नेमकी ती सोबतच तोडायला सांगितली. आधी नुसतं उभ्या गाडीत बसायचं, मग एक थांबा जायचं, मग पुढं. सोबतीनं भीती पोसली जाते, म्हणाले. याला लेक न्हाय वाटतं, असं आई बाहेर येऊन पुटपुटली. तरी अक्का एकटी नळदुर्गापर्यंत जाऊन आली. जिंकल्यासारखी दिसत नव्हती, दमलेली दिसत होती.

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाई काहीच करायला लावत नसत. ऐकत बसत. तिथं एकदा अक्का माझ्यासमोरच बोलून गेली, “बाई, मला गाडीचं भ्या न्हाय. वॉर्डात माझ्या हातून कुणी मरंल, त्याचं हाय.”

इतकी वर्षं आम्ही सोबत होतो, आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. बाजू घेतल्याशिवाय मला राहवत नाही. उमरग्याची पद्धत माणसाला यंत्र समजते, बाईंचीच खरी, असं मी घरी ठणकावलं. अक्का म्हणाली, “तू भाषण ठोक. त्यांनी माझा पाय उचलला, बाईंनी तोंड उघडलं. मला दोन्ही लागतंय.”

मग बाईंचं कंत्राट संपलं. त्यांच्या खोलीत सलाइनचे खोके रचले गेले. उमरग्याचे समुपदेशकही यायचे बंद झाले. अक्काची परीक्षा बुडाली. आता आई तिला स्टँडपर्यंत घेऊन जाते, गाडी येते, अक्काचा पाय उचलत नाही, गाडी निघून जाते, आणि दोघी घरी परत येतात. मायलेकींची सोबत बघून गावाला कौतुक वाटतं. मला ते बघवत नाही.

तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. समुपदेशकाची खोली कुठंय, विचारा. कुलूप दिसलं तर ती उघडा असा अर्ज तिथंच द्या, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. कुठली पद्धत बरी, यावर आपण भांडू. आधी भांडायला खोलीत कुणी असू दे.