‘सोड’ या शब्दाचे दोन अर्थ

भूशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर माझ्या वर्गातले बहुतेक जण जावाच्या क्लासला गेले. मी कड्यावर गेले. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शहरातल्या सॉफ्टवेअर कंपन्या आपल्या माणसांना वर्षातून एकदा बसमध्ये घालून खडकवासल्याच्या पलीकडे ‘टीम बिल्डिंग’साठी पाठवू लागल्या होत्या. या माणसांना दोर बांधून कडा चढवायचा आणि सुखरूप खाली आणायचं, हे माझं काम. कॉलेजात असताना गिर्यारोहण क्लबात जे दर रविवारी हौसेनं केलं, तेच आता पगारावर. कर्वेनगरच्या आमच्या घरात वडील पेपर खाली न करता विचारत, “लोकांना दरीत सोडायला एम.एस्सी. लागते का?”

क्लबात आमचं सगळं काम दोन शब्दांवर चाले: ‘घे’ आणि ‘सोड’. चढणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असतो. त्याचं दुसरं टोक माथ्यावर बसलेल्या सहकाऱ्याच्या हातात. त्याला चढणारा दिसत नाही. खालून ‘घे’ आलं की तो दोर ओढून घेतो, ‘सोड’ आलं की सैल करतो. म्हणून क्लबात कड्याखाली गप्पा मारायची पद्धत नव्हती. कोणाला खोकला आला तरी तो बाजूला जाऊन खोकायचा.

कंपन्यांची माणसं मात्र ओरडायलाच आलेली असत. आमच्या संस्थेचे मालक पूर्वी एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते. कड्याखाली शांतता हवी, फक्त खाली उभ्या असलेल्या इन्स्ट्रक्टरनं बोलावं, असं मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं. ते म्हणाले, वर्षभर बिचारे कॉम्प्युटरसमोर गप्पच असतात, इथे तरी ओरडू देत. शिवाय इन्स्ट्रक्टर हा शब्द वापरायचा नाही. आपण फॅसिलिटेटर. इन्स्ट्रक्टर हुकूम सोडतो, फॅसिलिटेटर सोय करतो.

मग अकोल्याकडचा एक प्रोग्रॅमर चढायला आला. नवे बूट, कोरडे ओठ. अर्ध्यावर जाऊन तो थांबला. उजव्या हातानं खडकाची एक कपार घट्ट धरली होती आणि ती सोडल्याशिवाय पुढच्या कपारीला हात पोचणार नव्हता. त्याचा मॅनेजर माझ्या शेजारी उभा होता. तो ओरडला, “सोड रे, तो हात सोड.” बाकीच्यांनी ते उचललं. सोड, सोड, सोड, टाळ्यांच्या तालावर.

माथ्यावर माझ्या सहकाऱ्यानं ‘सोड’ ऐकलं आणि दोर सोडला. मी ‘घे’ म्हणून ओरडत होते, ते त्या गलक्यात वर पोचलं नाही. तेवढ्यात प्रोग्रॅमरनंही हात सोडला. पुरुषभर उंचीएवढा तो खाली आला, मग दोर ताणला गेला. कोपर सोलवटलं, हनुवटी खडकावर आपटली.

“बघ,” मॅनेजर त्याला म्हणाला, “झालं का काही?”

मी मालकांकडे पुन्हा तीच मागणी केली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. ते नेहमीच ऐकून घेत, अडचण तीच होती. जेवणानंतर त्यांनी याच प्रसंगावर एक सेशन घेतलं: ‘कम्युनिकेशन गॅप’. हनुवटीला पट्टी लावलेल्या माणसाला गोलाच्या मधोमध बसवून कसं वाटलं ते विचारलं. मॅनेजरकडे एकदा बघून तो म्हणाला, “गुड लर्निंग.”

नंतर मालकांनी उपाय काढला. मराठी शब्द बंद. ‘घे’ऐवजी ‘टेक’, ‘सोड’ऐवजी ‘स्लॅक’. आणि कोणाला बाजूला पडल्यासारखं वाटू नये म्हणून हे दोन्ही शब्द सगळ्या बॅचला सकाळीच शिकवायचे, एका सुरात म्हणून घ्यायचे. हे शब्द फक्त दोन माणसांसाठी असतात, असं मी म्हणाले. त्यावर त्यांनी मला माहिती वाटून घेण्याचं महत्त्व समजावलं.

पुढच्या बॅचला माथ्यावर मी बसले होते. टेस्टिंगमधली एक मुलगी चढून वर पोचली आणि तिला खाली उतरवायचं होतं. ती कड्याच्या मध्यावर असताना खालून ‘स्लॅक’ आलं. अख्ख्या बॅचकडून, तालात. त्यात कुठेतरी माझ्या सहकाऱ्याचा आवाज असणार. मला तो वेगळा काढता येईना.

मी दोर धरून ठेवला. मुलगी दिसत नव्हती, तिचं वजन हातात कळत होतं. खालचा गजर वाढला, मग त्यात हसू मिसळलं, मग प्रश्न सुरू झाले. थोड्या वेळानं मालक पायवाटेनं धापा टाकत वर आले.

“काय झालं? अडकला का दोर?”

“नाही सर. धरलाय.”

“मग सोड की.”

“कोणाचं ऐकून?”

त्यांनी कड्याच्या कडेकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, “अगं, क्लायंट आहेत ते.”

“दोरावर लटकलीय तीही क्लायंटच आहे. खाली एकच माणूस बोलू दे, लगेच सोडते.”

ते कडेला गेले आणि खाली बघून हसतमुखानं म्हणाले की आता आपण एक सायलेन्स अ‍ॅक्टिव्हिटी करणार आहोत. खाली टाळ्या पडल्या. मग सगळे गप्प झाले. एकच आवाज आला, ओळखीचा: “स्लॅक.” मी दोर सोडला. मुलगी उतरली.

सायलेन्स अ‍ॅक्टिव्हिटी क्लायंटला फार आवडली. मालकांनी ती कार्यक्रमात कायमची घातली. जेवणानंतर, आंब्याखाली, डोळे मिटून. कड्याखाली शांतता ठेवण्याबद्दल मी एकदा शेवटचं विचारलं. ते म्हणाले, “घेतली ना आता शांतता?” पुढच्या शनिवारी बॅच कड्याखाली पूर्वीसारखीच ओरडत होती, आता इंग्रजीत. दुपारी मी कमरेचा हार्नेस सोडून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि गावातून मिळेल त्या टेम्पोनं शहरात आले.

मला अशा अवेळी घरी येताना पाहून वडिलांनी पेपर खाली केला.

“सोडलीस?”