बाभळीच्या मुठीची रिव्हॉल्व्हर

सोनईपासून काही मैलांवरच्या एका वस्तीवर घडलेली ही घटना माझ्या डोक्यापेक्षा तळहाताच्या जास्त ध्यानात आहे. बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी नुकताच फौजदार झालो होतो. वडील औत हाकणारे, आणि घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ठाण्यात माझ्यासारखा कागद कोणी लिहीत नाही, याचा मला अभिमान होता. तो मी लपवतही नसे.

एका दुपारी एका निवृत्त सुभेदारांना बैलगाडीत घालून ठाण्यात आणलं. पोटरीतून गोळी गेली होती, धोतर रक्तानं भिजलं होतं, पण माणूस ताठ बसलेला. नगरच्या दवाखान्यात पाठवण्याआधी त्यांनी फिर्याद दिली. मी ती माझ्या भाषेत लिहून घेतली: ‘विहिरीजवळ बाजेवर बसलो होतो. रिव्हॉल्व्हर शेजारी होती. माझा सालगडी आला, ती उचलली, माझ्यावर झाडली, तिथंच टाकली आणि पळाला.’ हा गडी वर्षाच्या बोलीवर होता. शेतात काम उरलं नाही म्हणून तो आदल्या दिवशी मुदतीआधीच निघाला होता आणि त्यावरून दोघांची जोरात भांडणं झाली होती. ती सगळ्या वस्तीनं ऐकली होती. गोळी झाडताना मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

मी पंचनामा करून रिव्हॉल्व्हर ताब्यात घेतली. परवान्याची होती. विलायती, जुन्या घडणीची. तिचा मागचा घोडा प्रत्येक गोळीआधी अंगठ्यानं ओढून चढवावा लागे. तो चढवल्याशिवाय चाप कितीही ओढा, काही होत नसे. सहा घरांपैकी पाचांत जिवंत काडतुसं, एकात रिकामं. पण नजर जात होती ती मुठीकडे. मूळची मूठ फुटल्यावर सुभेदारांनी गावच्या सुताराकडून बाभळीची करून घेतली होती. गोल, जाड, तेल पिऊन काळी-गुळगुळीत झालेली. अशी मूठ मी कुठल्याच हत्याराला पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पोलीस पाटलानं खबर आणली, ‘तुमचा गडी तलावाच्या कामावर खडी फोडतोय. पळालाबिळाला न्हाई.’ हवालदारानं त्याला आणलं. पंचविशीचा, अंगावर खडीची पांढरी धूळ. तो एकच सांगत होता, ‘मी वस्तीवर गेल्तोच न्हाई, साहेब.’ पण कामाच्या हजेरीला त्या दिवशी त्याचं नाव नव्हतं. बायकोला ताप होता म्हणून घरी थांबलो, म्हणाला. साक्षीदार कोण, तर बायकोच.

दुसऱ्या दिवशी आमचे जुने हवालदार मला म्हणाले, ‘साहेब, तुमी जरा चहा घिऊन या.’

या वाक्याचा अर्थ खात्यातल्या माणसाला सांगावा लागत नाही. मी चहाला गेलो. परत आलो तेव्हा गडी भिंतीला टेकून बसला होता आणि सगळं कबूल म्हणत होता. ‘बायकोला हितं आनू नका,’ एवढंच मधून मधून म्हणे. मी टेबलाशी बसलो आणि त्याचा जबाब लिहिला. ‘सदर रिव्हॉल्व्हरचा घोडा चढवून, जिवे मारण्याच्या इराद्याने...’ दीड पान, एक खाडाखोड नाही. कलम तीनशे सात. दहा वर्षंसुद्धा लागली असती.

त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या दिवशी सकाळी मला वाटलं, तिथं गडबडायला नको, एकदा करवून घ्यावं. रिव्हॉल्व्हर रिकामी केली, दोनदा तपासली आणि त्याच्या हातात दिली. म्हटलं, ‘कशी उडवलीस, दाखव.’

त्यानं ती दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले आणि चाप ओढला. काही झालं नाही.

‘साहेब, ही बंद हाय.’

‘परत ओढ.’

त्यानं इतका जोर केला की नखं पांढरी पडली. ‘लई घट हाय,’ तो अजिजीनं म्हणाला, जणू काम जमत नाही म्हणून मी रागावेन.

‘घोडा वढ की, लेका,’ हवालदार म्हणाले. ‘का त्यो बी आमीच वढून देऊ?’

त्यानं रिव्हॉल्व्हर उलटीसुलटी करून पाहिली. ‘घोडा म्हंजी ह्यातला कंचा, हवालदारसाहेब?’

‘नाटकं करतोय साहेब.’

मी जबाबाचा कागद काढला. ‘घोडा चढवून’ हे शब्द त्यात होते आणि ते माझे होते. त्याला जे माहीतच नव्हतं, ते मी सुवाच्य अक्षरात त्याच्या तोंडी घातलं होतं.

हवालदारांचं म्हणणं खोटं की खरं, हे नुसत्या मनाला वाटून ठरणार नव्हतं. मी मॅजिस्ट्रेटकडे जाणं थांबवलं आणि हत्यार घेऊन नगरला मुख्यालयात गेलो. तिथले शस्त्रागार सांभाळणारे जमादार सगळी हयात बंदुकांत घालवलेले. त्यांनी चांदमारीच्या मैदानावर मातीच्या ढिगाकडे तोंड करून रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिली. ‘आधी तुम्हीच बघा, साहेब.’

मी घोडा चढवून गोळी झाडली. धक्का बसताच मूठ तळहातात वर फिरली. फाळ दगडाला अडला की नांगराची मूठ अशीच उसळते. ती ओळख पटायला बी.ए. लागत नाही, लहानपणी नांगर धरलेला असावा लागतो.

जमादार म्हणाले, ‘हातात छान बसते. पण खाली अडायला काहीच नाही. कमरेला खोचली तर घसरणारच. आणि सहाच्या सहा भरलेली होती म्हणता? जुना माणूस घोड्याखालचं घर रिकामं ठेवतो. नाहीतर घोड्यावर पडली की उडते.’

त्यांनी एका काडतुसातली गोळी आणि दारू काढून टाकली, नुसती बुडाची ठिणगी पाडणारी टोपी ठेवली, आणि घोडा त्यावर टेकवून रिव्हॉल्व्हर कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडली. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा ती घोड्यावर पडली आणि टोपी वाजली. नळी त्या वेळी वर होती.

मग मी डॉक्टरांचा दाखला पुन्हा काढला. गोळी घोट्याच्या वर शिरून गुडघ्याखाली बाहेर पडली, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे खालून वर. ती ओळ मी आधी वाचली होती. फक्त वाचली होती.

परतल्यावर सुताराला गाठलं. तो रंधा न थांबवता म्हणाला, ‘सुभेदार म्हनले, हातात बसली पायजे. हातात बसनारी मूठ मला येकच येती. नांगराची.’

‘कमरेला खोचणार, हे सांगितलं नव्हतं?’

‘सांगितलं असतं तर खाली बोंड ठिवलं असतं की.’

दवाखान्यात सुभेदारांच्या खाटेजवळ मी स्टूल ओढून बसलो. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, ‘सुभेदार, घोड्याखालचं घर भरलेलं का ठेवलं?’

त्यांनी पायावरची चादर नीट केली. मग म्हणाले, ‘इहिरीत वाकून पानी बघत हुतो. कमरंतनं निसटली. मोटंचं पानी पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर पडली.’ पुढं म्हणाले, ‘हत्यार हातातनं पडलं म्हनून मी जवानास्नी दिवसभर उन्हात उभं केलंय, फौजदार. माजंच पडलं, हे कंच्या तोंडानं सांगू? परवाना बी गेला असता.’

‘आणि त्या गड्याचं काय झालं असतं?’

‘वाटलं, सापडनार न्हाई त्यो. दुष्काळात मानसं कुटं कुटं जात्यात.’

ते भिंतीकडे वळले. पण तसेच पाठमोरे म्हणाले, ‘लिवा.’ त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, एक शब्द वाढवला नाही. सही करताना ते उठून बसले. परवाना त्यांनी स्वतःच जमा केला. तो माणूस दुष्ट नव्हता. एका क्षणी लाज वाटली, आणि ती झाकायला जवळ दुसऱ्याचं आयुष्य होतं.

गड्याला सोडताना मी त्याला विचारलं, ‘केलं नव्हतंस तर कबूल का झालास?’ माराचं आणि बायकोला ठाण्यात आणण्याच्या धमकीचं तो सांगेल, असं मी धरून चाललो होतो.

तो म्हणाला, ‘तुमी समदे म्हनत हुता, मी केलं. न्हाई म्हननारा मी येकटाच. तुमी तर शिकल्यालं. माजंच चुकत असंल, असं वाटाया लागलं.’

नंतरच्या नोकरीत माझ्या ठाण्यात ‘चहा घेऊन या’ हे वाक्य मी चालू दिलं नाही. दोन बदल्या झाल्या त्यापायी. पण मार थांबवला एवढ्यानं भागत नाही, हे मला या प्रकरणानं शिकवलं. माणूस मारानं मोडतो, तसा चांगल्या अक्षरातल्या कागदानंही मोडतो. पुढं कोणाचाही जबाब लिहून झाला की मी तो मोठ्यानं वाचायचो आणि विचारायचो, ‘यातला कुठला शब्द तुझा नाही?’

लोक आधी बिचकायचे. मग एकेक सांगायचे. आणि मी त्यांच्यादेखत खोडायचो.