श्वास सोडा की

हार्ट अटॅकनंतर मी सोलापुरात ज्या डॉक्टरबाईंकडे तपासणीला जातो, त्यांना बाहेर बाकावर सगळे 'गप्प बसा बाई' म्हणतात. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं ते त्या मोजतात, आणि त्यासाठी पाच मिनिटं न बोलता पडून राहावं लागतं. आमच्याकडच्या माणसाला ते जमत नाही. आडवा झाला की तो आधी विचारतो, "बाई, तुमचं गाव कुठलं?" बाई घड्याळ पुन्हा शून्यावर आणतात.

दहा सेकंदांत आकडा देणारं नवं यंत्र आलं, तेव्हा बाकावरचे लोक खूश झाले. बाईंनी ते नाकारलं नाही. प्रत्येकाला दोन्ही प्रकारे मोजायचं ठरवलं, म्हणजे वेळ आणखीच वाढला. टेंभुर्णीचे एक आजोबा वैतागले, "लई झालं की बाई. दहा सेकंदाचं चालत न्हाय व्हय?"

"चालतं का, तेच बघतेय. पडून राहा."

माझा नंबर आला. दहा सेकंदांचा आकडा वाईट निघाला आणि मी बाईंकडे पाहिलं. बाई यंत्राकडे बघतच नव्हत्या, माझ्या छातीकडे बघत होत्या.

"एक्स-रेला धरतात तसा श्वास धरलाय तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्यानं आकडा बिघडतो. दहा सेकंद कुणीही धरतं. पाच मिनिटं कोण धरणार? सोडा की आता."

मी श्वास सोडला. त्यांनी पाच मिनिटांचं घड्याळ लावलं.

"म्हणजे तसं बरं आहे ना?" मी विचारलं.

बाईंनी घड्याळ शून्यावर आणलं.