लांडगा मारायचा कॅमेरा

फोटो काढला की माणसाचं आयुष्य कमी होतं, या समजुतीनं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याही दुसऱ्या फोटोवाल्यानं केलं नाही. चिंचवड स्टेशनाजवळ मी स्टुडिओ थाटला तेव्हा पन्नासचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि मी साताऱ्याकडून आलेला नवखा होतो. लग्नाला बोलावणं आलं की निम्मं वऱ्हाड कॅमेरा बघून मांडवामागे पळायचं. नवरीची आई ऐन वेळी नवरीच्या तोंडावर पदर धरायची आणि मग फोटोत पदरच यायचा. मी घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो की बाई, भिंगातून नुसतं ऊन आत जातं, यानं कुणाचं काही होत नाही, मी माझ्या सासऱ्यांचे कितीतरी फोटो काढलेत आणि ते अजून महिनामहिना माझ्याकडे येऊन राहतात.

दुकान बंद असायच्या वारी मी सायकलला कॅमेरा बांधून चाकणच्या बाजूच्या माळांवर जायचो. तिकडे तेव्हा गुडघ्याएवढं गवत होतं आणि त्यात हरणं, खोकड, ससे, लांडगे सगळे नांदत होते. बायको याला उनाडकी म्हणायची. हरणं प्रती मागायला येत नाहीत हे तिचं म्हणणं मला खोडता यायचं नाही. पण मला जिवंत जनावराचा फोटो हवा होता. मेलेल्यांचे मी दुकानात खूप काढले होते. जनावरावर पाय ठेवून, मिशा पिळून उभे राहणारे हौशी बंदूकवाले माझ्याकडेच यायचे. त्या फोटोत हलत कोणीच नसे, म्हणून तो सगळ्यात स्पष्ट यायचा, आणि मला त्या स्पष्टपणाचीच चीड यायची.

माळाच्या काठी एक गाव होतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथली मंडळी आता मोठी जागामालक झाली आहेत आणि हे छापलेलं त्यांना रुचायचं नाही. गावाबाहेरच्या ओढ्याच्या दरडीत एका लांडग्याच्या मादीनं बीळ केलं होतं आणि तिची चार पिल्लं मी लांबून पाहिली होती. तिथे फांद्यांचा आडोसा उभारायचा तर गावाला विचारावं, म्हणून मी चावडीवर गेलो. नेमकी तिथे त्याच लांडग्यासाठी बैठक बसली होती.

त्या हिवाळ्यात लांडग्यानं बऱ्याच शेळ्या नेल्या होत्या. सगळ्यात जास्त एका विधवा बाईच्या गेल्या होत्या. तिला गाव मावशी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. शेजारगावच्या निवृत्त जमादाराला बंदूक घेऊन बोलवायचं असं जवळजवळ ठरलं होतं. अडचण एवढीच होती की जमादार एकटा येत नसे. तो चार दोस्त घेऊन मुक्कामाला यायचा आणि त्यांना दोन्ही वेळा मटण लागायचं. म्हणजे लांडग्यापासून शेळ्या वाचवायच्या तर आधी जमादाराला शेळ्या घालायच्या, यावर चर्चा अडली होती.

मी मध्ये पडलो. लांडगा आहे म्हणून हरणं आणि ससे शेतात फार येत नाहीत, त्याला मारलंत तर पिकं राखणं जड जाईल, असं बरंच काही मी पोटतिडकीनं बोललो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कुणालाही त्यातलं काही पटलं नाही. मग पाटलांनी विचारलं की तुमचं या माळावर काम तरी काय. मी म्हणालो, त्या मादीचा फोटो काढायचाय.

 मावशी भिंतीला टेकून बसली होती ती सावरून बसली.

"पार डोळ्याला डोळा भिडवून काढणार व्हय?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, जमलं तर तसाच.

"मग बंदूक कशाला हवी?" ती पाटलांना म्हणाली. "माझ्या दिराचा जेजुरीला फोटू काढला. वरीस न्हाई भरलं, गेला."

हा दीर गेला तेव्हा ऐंशीच्या पुढचा होता हे मला नंतर कळलं. पण चावडीला ते आधीपासून ठाऊक असूनही तिच्या बोलण्यातला मुद्दा सगळ्यांना बिनतोड वाटला. बंदुकीची गोळी चुकते, फोटो चुकत नाही. शिवाय हा फोटोवाला जेवणही मागत नाही. मी तोंड उघडलं. ही खुळी समजूत आहे हे सांगायचा मला इतका सराव होता की वाक्य जिभेवर तयारच होतं. मग मला दरडीतली पिल्लं आठवली आणि मी तोंड मिटून घेतलं. किती दिवसांत मरेल, असं पाटलांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो की ते जनावराच्या प्रकृतीवर असतं. जमादाराला निरोप गेला की येऊ नका, दुसरी सोय झाली.

पुढच्या खेपेला मी बाभळीच्या फांद्यांचा आडोसा घालायला गेलो तर निम्मं गाव मदतीला हजर. एवढी माणसं बघून लांडगी चाकणपर्यंत पळाली असती. त्यांना घालवायला मला एक वाक्य पुरलं. मी सांगितलं की यंत्र चालू असताना त्याच्यासमोर कोण येईल याचा नेम नाही. क्षणात ओढा मोकळा झाला. पाटील तेवढे माझ्या पाठीशी, अगदी मला चिकटून थांबले आणि फोटो काळजावर धरायचा की मस्तकावर, ते विचारू लागले. मी म्हणालो, डोळ्यांवर. त्यांना ते फार पटलं. जाताना त्यांनी बजावलं की पिल्लांचा घ्याल तो एकेकाचा निराळा घ्या, ग्रुपमध्ये जोर वाटला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर ती आली. गवतातून सरळ न येता वळसा घालून, थांबत थांबत आली आणि दरडीवर उभी राहून माझ्या आडोशाकडे बघत राहिली. एवढ्या जवळून जिवंत लांडगा मी कधी पाहिला नव्हता. तिच्या बरगड्या दिसत होत्या, एक कान फाटलेला होता, आणि पिल्लं तिच्या पोटाखाली घुसत होती तरी तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. बटण दाबायला मला दोनदा धीर करावा लागला. त्या सकाळी मला जे सुख झालं तसं पुढे दुकानात कधी झालं नाही. फिल्म धुतल्यावर तिचे दोन्ही डोळे नीट आलेले दिसले आणि मी एकटाच अंधाऱ्या खोलीत हसत बसलो.

मग गाव तिच्या मरणाची वाट बघू लागलं. मी गेलो की लोक बातम्या द्यायचे. परवा दिसली, पण वाळलीय. काल ओढा ओलांडताना दम खात होती. प्रत्यक्षात ती चांगली धडधाकट होती, पिल्लांना ससे आणून घालत होती. फोटो लागलेलं जनावर ज्या डोळ्यांनी बघायचं असतं त्या डोळ्यांनी ते तिला बघत होते, एवढंच. तशात आणखी एक शेळी गेली आणि मला चावडीवर जाब विचारला गेला. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की फोटोवाला जे बोलतो तेच मी बोललो. ऊन कमी होतं, फिल्म जुनी होती, हळूहळू उतरेल. तेवढ्यानं भागेना तेव्हा मी आणखी एक ठोकून दिली. फोटो लागलेलं जनावर मरेपर्यंत पिसाळल्यासारखं वागतं, तोवर दिवस मावळायच्या आत शेळ्या वाडग्यात कोंडा आणि वाडग्याचं काट्यांचं कुंपण पुरुषभर उंच करा.

हीच गोष्ट मी पहिल्या दिवशी शहाणपणाची म्हणून सांगितली असती तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. आता भीतीनं सगळ्यांनी कुंपणं उंच केली. शेळ्या जायच्या थांबल्या. त्याचं श्रेय अर्थात फोटोला मिळालं. जनावरात आता शिकारीची ताकद राहिली न्हाई, असं मावशी ज्याला त्याला सांगायची. पिल्लं मोठी होऊन पांगली. पुढच्या हिवाळ्यात मादीनं त्याच दरडीत पुन्हा बीळ केलं तेव्हा गावानं मलाच बोलावलं. एका फोटोनं भागलेलं दिसत नाही, दुसरा द्या, असा निरोप होता. असं दर हिवाळ्याला होऊ लागलं. लांडगा मारायला गाव मला मानानं बोलवायचं, मी लांडग्याचे फोटो काढायचो, लांडगा जगायचा, शेळ्या जगायच्या, आणि सगळे समाधानी असायचे.

समाधानी नव्हती ती माझी बायको. माझ्या कॅमेऱ्याचं नाव रहाटणी, पिंपळे गुरवपर्यंत पोहोचलं होतं आणि लग्नाची बोलावणी बंद पडत चालली होती. तिकडून मी सायकलवर गेलो तर बाया पोरांना उचलून घरात न्यायच्या. सगळ्यात मोठा पेच पाटलांच्या थोरल्या मुलानं आणला. पिंपरीला नवे कारखाने निघत होते, तिथे त्याला नोकरी लागली होती आणि पासासाठी फोटो हवा होता. मी त्याचा फोटो काढला आणि तो जगला, तर गावाचा माझ्यावरचा विश्वास उडणार. विश्वास उडाला की जमादार येणार. मी त्याला सांगितलं की माझ्याकडे कॅमेरे दोन आहेत, एक माणसांचा आणि एक जनावरांचा, आणि जनावरांच्या कॅमेऱ्यावर खूण म्हणून कुंकवाचं बोट ओढून ठेवलं. तेव्हापासून माणसांचा धंदा जरा सावरला. पण कुंकू लागलेल्या कॅमेऱ्यावरची धूळ झटकायला बायको तयार होईना. सगळं खोटं आहे हे तिला माझ्याकडूनच माहीत होतं. ती म्हणायची, माहीत आहे, पण तुमचा तुम्हीच पुसा.

एकदा एक गृहस्थ दुपारी आले, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात कुंकवाच्या कॅमेऱ्याची चौकशी करू लागले. त्यांना सख्ख्या भावाचा फोटो हवा होता, तोही शेताच्या बांधावर उभा असताना. मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की यंत्र चार पायांवरच चालतं. ते खट्टू होऊन गेले. अशा वेळी मला माझीच भीती वाटायची.

दशक संपत आलं तसा माळ बदलू लागला. कारखान्यांच्या बांधकामाला दगड आणि मुरूम हवा होता आणि तो टेकाडांत भरपूर होता. गावानं टेकाडं खाणीला दिली. सुरुंग उडू लागले, लॉऱ्यांनी गवतातून रस्ते पाडले. एका हिवाळ्यात बोलावणं आलंच नाही, म्हणून मी आपण होऊन गेलो. दरड अर्धी ढासळली होती. बिळाच्या तोंडाशी कोळ्यांनी जाळी विणली होती. मी वर्षानुवर्षं ज्या जागी बसायचो तिथे दुपारपर्यंत बसून राहिलो आणि मला मोठ्यानं रडू आलं. लाज वाटायला आसपास कोणी नव्हतं.

गावात शिरलो तर मारुतीच्या पारावर सतरंजी अंथरलेली. पाटील मला घ्यायला पुढे आले. मला निरोप धाडायच्या आधीच मी पोहोचलो याला त्यांनी योग म्हटलं. लांडगा संपला होता आणि माझा सत्कार होता. मला फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. पाटील बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की बंदुकीला जे जमलं नाही ते या गरीब माणसानं एका पेटीनं करून दाखवलं, वेळ लागला पण मुळासकट उपटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले ते बघून पाटलांनाही गहिवरून आलं.

मला संताप आला होता. माझा एकही फोटो तिला लागला नव्हता, तुमचे सुरुंग लागले, असं त्या पारावर ओरडून सांगायचं मी ठरवलं. आता लपवायचं कुणासाठी होतं? चार शब्द बोला असं म्हटल्यावर मी उभा राहिलो. घसा साफ केला. तेवढ्यात पाराखाली बसलेल्या मावशीनं माझ्या शालीचं टोक ओढलं.

"बाबा, लांडगा गेला त्ये बरं झालं, पर आता हरणं लई झाली," ती म्हणाली. "हरभरा ठेवत न्हाईत. जमादाराला बोलवायचं म्हनत्यात समदी. का तू काडतोस त्यांचाबी?"

सगळा पार माझ्याकडे बघत होता. ओठावर आलेलं भाषण मी गिळलं. खाणीच्या बाजूला एक सुरुंग उडाला आणि पिंपळावरचे कावळे उठले.

"जमादाराला निरोप नका पाठवू," मी म्हणालो. "हरणांचं मी बघतो. पण हरणाच्या जातीला फोटो फार सावकाश लागतो. बरीच वर्षं यावं लागेल मला."

मावशीनं माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"लागू दे," ती म्हणाली. "आमाला कुठं घाई हाय."