अविनाशचं प्रास्ताविक

किस्से आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांसारखे साठतात. टाकवत नाहीत, आणि कपाट उघडलं की अंगावर येतात. २००५च्या सुमारास लंडनमधल्या क्रॉयडनच्या आमच्या ऑफिसात तिघांचा बँड होता: अविनाश गायक, सुहास तबल्यावर, मी गिटारवर. बसलेलं गाणं एकच, ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखाच्या गाण्यांतलं. ते एकदा तरी शेवटपर्यंत वाजवायचं, एवढीच माझी इच्छा होती.

आडवा यायचा अविनाश. ज्या अमेरिकन संगीतकारानं ब्लूज कागदावर उतरवलं, तो याचं दैवत. "स्टेशनवर एक फाटका माणूस गात होता. एक ओळ, तीच परत, मग तिला उत्तर. या संगीतकारानं ते लिहून काढलं आणि अमेरिकेचं सगळं संगीत बदललं!" हे आम्हाला पाठ झालं होतं.

*

ऑफिसच्या ख्रिसमस लंचला वाजवायला पंधरा मिनिटं मिळाली. अविनाश चौदा मिनिटं बोलला. मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या, "लव्हली टॉक" म्हणाला आणि पुडिंग मागवलं.

*

मराठी मंडळाच्या गणपतीत तिथले देशमुखकाका म्हणाले, "सणासुदीला रडगाणं नको रे."

"काका, ती संस्कृती आहे," म्हणत अविनाशनं समजवायला घेतलं. काकांना पटलं, पण तोवर आरतीची वेळ झाली. आमच्या हातात झांजा दिल्या.

*

ग्लासगोला मित्राच्या लग्नात यानं डीजेलाच गाठलं. "तू वाजवतोस ते सगळं त्या माणसामुळे आहे."

डीजे म्हणाला, "मग त्यालाच बोलवायचं होतंत." आमचं वाजवणं राहिलंच. सुहास आठवडाभर माझ्याशीही बोलला नाही. माझा काय दोष होता कोण जाणे.

*

शेवटी लंडनमधल्याच पिनरच्या हॉलमध्ये मंडळानं चक्क अर्धा तास दिला. अविनाश माइकवर त्या स्टेशनात पोचला, तसा मी वैतागून मागच्या किचनमध्ये पाणी प्यायला गेलो. गिटार गळ्यातच होती.

देशमुखकाकू पातेलं घासत गात होत्या. "भाऊ माझा गं बोटीवर, पत्र येईना घराला..." तीच ओळ परत. मग, "शिकले असते अक्षरं, तर लिहिलं असतं मी त्याला."

"काकू, हे कुठं लिहिलेलं आहे का?"

"छे रे, कोण लिहितंय. आई म्हणायची, मी म्हणते."

मी सूर धरला. सुहासही आला आणि पातेल्यावर ठेका धरून बसला. काकू रंगल्या. शेवटचं एकच कडवं उरलं होतं, तेवढ्यात दार उघडून अविनाशनं डोकं आत घातलं.

"काकू, जरा हळू म्हणा ना. बाहेर मी लोकगीतांबद्दल सांगतोय."