काळा आरसा

आधी सुलभाताईंचं नाव लिहिते. वेअरहाऊसमध्ये त्या माझ्या शेजारी पॅकिंगला असतात. माझे घरमालक डॅनियलकाका गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात खोकं होतं आणि ते मी खाली ठेवतच नव्हते म्हणे. सुपरवायझरला काय सांगायचं, नोकरी जाईल का, एवढंच डोक्यात. ताईंनी खोकं काढून घेतलं. "तू नीघ. शिफ्ट मी ओढते. त्यांच्यात दफन लगेच करतात." म्हणून डॅनियलकाकांना मूठभर माती देता आली... रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

काका अलिबागकडचे, बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू. इथे कॅनडात, मिसिसागात, त्यांच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहते, आणि तिथेच खिडकीपाशी ते चित्रं काढायचे. जुन्या अभिजात वळणाची निसर्गचित्रं : कडेला काळपट झाड, मध्ये संथ पाणी, लांबवर पडक्या खांबांचं देऊळ. "डॅड, नोबडी पेंट्स लाइक दिस," रूथ, त्यांची मुलगी, म्हणायची. "म्हणून तर या लाइनीत गर्दी नाही," काका म्हणायचे.

रविवारी ते मलाही लेकवर, इथल्या मोठ्या तळ्यावर, न्यायचे. तिथे लेककडे पाठ करून उभे राहायचे आणि हातातल्या लहानशा काळ्या आरशात मागचं पाणी बघायचे. लोक हसायचे. मी एकदा भीतभीत म्हटलं, काका, लेक मागे आहे. म्हणाले, "समोर बघितलं की सगळंच दिसतं गं. चित्राला एवढं नको असतं."

माणसं ते सगळ्यात शेवटी काढत, नखाएवढी. माझी शाळा आठवीत सुटलेली, चित्रातलं मला काय कळणार? तरी विचारायचे, काय खटकतंय सांग. शेवटच्या चित्राच्या वेळी मी म्हटलं, ही बाई एकटीच चाललीय, अंधार पडतोय. दुसऱ्या दिवशी बघते तर तिच्याबरोबर आणखी एक बाई.

दफनानंतर साराकाकूंनी घरातले सगळे आरसे चादरींनी झाकले. त्यांच्यात तशी रीत आहे. खाली काळा आरसा खिळ्यावर तसाच होता. हाही झाकू का, मी विचारलं. काकू म्हणाल्या, "राहू दे. त्यात तो स्वतःला कधी बघायचाच नाही."

चादरी केव्हाच निघाल्या. आरसा अजून तिथेच आहे. कामावर निघताना मी खिडकीकडे पाठ करून त्यात बघते. बर्फ, कुंपण, शेजाऱ्यांचं झाड... एवढंच.

सुलभाताईंवर अशी वेळ येऊच नये. पण कधी आलीच, तर त्यांच्या हातातलं खोकं मी घेईन. त्यांना सांगावं लागणार नाही.