परतीचा डबा

माझा स्वभाव मुळातच घाबरट. दाराला कुलूप लावलं की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून परत फिरणाऱ्यांपैकी मी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन मी जालन्याला एका कारखान्यात लागले होते. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रे. आमचे साहेब कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगवाल्यासाठी कापसाचं वजन आपोआप छापणारं यंत्र जमवत होते. दसऱ्यानंतर कापूस यायला लागणार. त्याआधी यंत्र चाललं तर मी कायम, नाही तर घरचा रस्ता. घरी वडीगोद्रीला चुलत्यानं माझ्यासाठी स्थळ बघूनच ठेवलं होतं. पोरीच्या जातीला तारा जोडायची कसली नोकरी, असं त्याचं म्हणणं. त्याला दसऱ्यापर्यंत थोपवून धरलं होतं ते एकट्या मायनं.

यंत्राचा जीव एका चिपमध्ये होता. तिला आपण सांगू तसं वागायला शिकवायचं, हे माझं काम. वजनाचे आकडे एकेक करून तिनं प्रिंटरला द्यायचे. पण चिप भलती चपळ आणि प्रिंटर सुस्त, दोघांची चाल काही एक नव्हती. म्हणून चिपनं एक आकडा तारांवर ठेवायचा, ‘घे’ असा इशारा द्यायचा आणि थांबायचं. प्रिंटरनं आकडा घेतला की दुसऱ्या तारेवरून ‘घेतला’ असा इशारा यायचा, मगच पुढचा आकडा. ऐकायला सोपं. पण शेजारच्या गिरणीची मोटर सुरू झाली की तो ‘घेतला’चा इशारा मधेच कुठंतरी हरवायचा. मग चिप वाट बघत बसायची ती बसायचीच. कागदावर अर्धं वजन आणि यंत्र मुकं. बरं, दरवेळी अडेल तर शपथ. सकाळभर गुणी लेकरागत चालायचं आणि साहेब जवळ येऊन उभे राहिले की रुसायचं. मी तारा बदलल्या, जोड पुन्हा पक्के केले, काही फरक पडेना.

जेवायचा डबा गावाहून यायचा. सकाळी माय फाट्यावर एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायची, मी तो जालन्याच्या स्टँडवर घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत पाठवायची. पत्रं आम्ही लिहीत नव्हतो. रिकामा डबा पोचला म्हणजे पोरगी जेवली, पोरगी बरी आहे. घासून आला तर निवांत आहे, नुसता विसळून आला तर कामात आहे, इतकं सगळं ती त्या डब्यावरून ओळखायची. असे दोनच डबे होते आमच्याकडे, एक जायला आणि एक यायला.

जिनिंगवाले यंत्र बघायला येणार होते त्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेले, तर डबा नाही. कंडक्टर म्हणाला, आज फाट्यावर कुणी डबा दिलाच नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. माय पडली असेल. तिला ताप असेल. चुलत्यानं काही भांडण काढलं असेल. आदल्या संध्याकाळी मी रिकामा डबा स्वतःच्या हातानं गाडीत दिला होता, मग इकडून काही चुकलेलं नव्हतं, म्हणजे तिकडंच काहीतरी झालं होतं. कारखान्यात गेले, पण हातातली तार धरवेना. अखेर साहेबांना म्हटलं, मला गावी जायचंय. त्यांनी नुसतं यंत्राकडे बघितलं. आज गेले तर नोकरी गेली, हे मला बरोबर कळत होतं. तरी मी निघाले.

अंबडवरून गावाकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवणार, तोच समोरून आलेल्या गाडीतून माय उतरली. हातात दुसरा डबा, कपाळावर घाम. मला बघून तिनं आधी माझे दोन्ही दंड चाचपून पाहिले.

“काल रिकामा डबा आल्ताच न्हाई,” ती म्हणाली. “म्हणलं पोरगी हाय का न्हाई. सकाळी जालन्याकडनं येनारी एक गाडी पाह्यली, दुसरी पाह्यली. मंग किती वाट पाहू? मीच बसले गाडीत.”

रिकामा डबा झोपलेल्या कंडक्टरबरोबर आमच्या फाट्याच्या पुढं शहागडला गेला होता, हे नंतर कळलं. माझा डबा पोचला नाही म्हणून ती तिकडं घाबरली, तिचा आला नाही म्हणून मी इकडं. मला रडू आलं, हसूही आलं. आणि तिथंच, स्टँडच्या गर्दीत, चिप आठवली. मी चिपला थांबायला शिकवलं होतं, किती थांबायचं ते सांगितलंच नव्हतं.

मायला घेऊन मी जवळजवळ पळतच कारखान्यात आले. प्रोग्रॅम तेवढाच बदलला: इशाऱ्याची ठरावीक वेळ वाट बघ, नाही आला तर ती अर्धी ओळ सोडून दे आणि नव्या ओळीवर सगळं वजन पहिल्यापासून दे. जिनिंगवाले आले तेव्हा मी शेवटचा जोड बघत होते. माय कोपऱ्यातल्या स्टुलावर डबा मांडीवर घेऊन बसलेली. तीन-चार वजनं नीट छापली आणि शेजारची मोटर सुरू झाली. प्रिंटर मधेच थांबला. साहेबांनी कपाळाला हात लावला. मग कागद एक ओळ वर सरकला आणि पूर्ण वजन छापलं गेलं.

जिनिंगवाले अर्धी ओळ वाया गेली म्हणून कुरकुरले. साहेब मला एवढंच म्हणाले, दसऱ्यानंतरही येत जा.

संध्याकाळी मायला गाडीत बसवलं. दिवसभरात मी एक घासही खाल्ला नव्हता, डबा तसाच भरलेला होता. पटकन दुसऱ्या भांड्यात काढून घेते, रिकामा डबा घेऊनच जा, असं मी म्हटलं. तिनं खिडकीतून माझा हात मागं सारला.

“उद्या गाडीनं पाठव,” ती म्हणाली. “आत्ता माझ्या हातात दिला, तर तू जेवली का न्हाई हे मला कसं कळंल?”